राजीनाम्याने काय साधले?

२०२३ च्या जानेवारीत ओडिशात भरलेल्या विश्वचषक हॉकी स्पर्धेत यजमान भारताला उपान्त्यपूर्व फेरीसुद्धा गाठता आली नाही. स्पर्धा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जानेवारी रोजी, मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीही पदे सोडली. हॉकी इंडिया या संस्थेने हे राजीनामे स्वीकारले, वृत्तपत्रांचे रकाने दोन-चार दिवस भरले आणि प्रकरणावर पडदा पडला. ज्या खेळाने या देशाला ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके मिळवून दिली, त्या खेळातील घरच्या मैदानावरील अपयशाची चिकित्सा एका राजीनाम्याने आटोपावी, ही गोष्ट खटकण्याजोगी आहे. त्या पराभवाचा धुरळा आता खाली बसला आहे. पुढे काय घडले तेही आपणास ठाऊक आहे. तेव्हा रीड यांच्या निर्णयांचे मोजमाप शांत डोक्याने करणे आता शक्य आहे. आणि ते अगत्याचेही आहे, कारण अपयशाकडे पाहण्याची आपली सार्वजनिक रीत कशी आहे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

रीड हे ऑस्ट्रेलियाचे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या संघाचे खेळाडू. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी भारतीय संघाची सूत्रे घेतली. टोकियो ऑलिंपिकच्या साखळीत ऑस्ट्रेलियाने भारताचा ७-१ असा धुव्वा उडविला, त्या दिवशी दुसरा एखादा प्रशिक्षक गडबडला असता, त्याने संघाची मोडतोड केली असती. रीड यांनी तसे काही केले नाही. त्यानंतर संघ सावरला आणि ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्ध १-३ असा पिछाडीवर असताना ५-४ असा विजय मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर तब्बल ४१ वर्षांनी हॉकीचे पदक भारतात आले. त्या दिवशी रीड यांच्या संयमाचे पोवाडे गाणारे जे कोणी होते, त्यांतील अनेकांना दीड वर्षाच्या आत तोच संयम निष्क्रियता वाटू लागला. माणूस तोच होता, त्याची पद्धतीही तीच होती. बदलला होता तो फक्त धावफलकावरचा आकडा.

तो हंगाम निराशेचाच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताने अंतिम फेरी गाठली खरी, पण तेथे ऑस्ट्रेलियाकडून ०-७ असा पराभव पत्करला. नोव्हेंबरअखेर संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. पाच सामन्यांपैकी एक जिंकला, चार गमावले. सतरा गोल केले आणि पंचवीस स्वीकारले. विश्वचषकाला जेमतेम दीड महिना असताना जगातील सर्वांत कणखर संघाशी पाच वेळा झुंज घेण्याचा निर्णय काहींना आत्मघातकी वाटला. आमच्या मते तो योग्य होता. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळून मिळविलेला आत्मविश्वास कडूनिंबाच्या सावलीसारखा सुखद असतो, पण तेथे फळ लागत नाही. शिवाय या दौऱ्यात बचावाची जी भोके दिसली ती बुजविण्याचे काम रीड यांनी काही अंशी केले, याचा पुरावा विश्वचषकातच आहे. स्पेन आणि इंग्लंड या दोन्ही संघांना भारताविरुद्ध एकही गोल करता आला नाही.

त्या स्पर्धेचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. राऊरकेला येथे भारताने स्पेनला २-० असे हरविले, इंग्लंडशी ०-० अशी बरोबरी केली आणि भुवनेश्वर येथे वेल्सवर ४-२ अशी मात केली. भारत आणि इंग्लंड यांचे गुण समान झाले, पण गोलफरकात इंग्लंड सरस ठरल्याने तो संघ थेट उपान्त्यपूर्व फेरीत गेला आणि भारताला न्यूझीलंडशी आणखी एक सामना खेळावा लागला. २२ जानेवारीच्या त्या सामन्यात भारत आधी २-० आणि मग ३-१ असा आघाडीवर होता. तो सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये न्यूझीलंडने तो ५-४ असा जिंकला. पुढे भारताने जपानला ८-० आणि दक्षिण आफ्रिकेला ५-२ असे हरविले व अर्जेंटिनासमवेत संयुक्त नववा क्रमांक घेतला. म्हणजे सहा सामन्यांपैकी एकाही सामन्यात निर्धारित साठ मिनिटांत भारत हरला नाही, तरीही तो नववा आला. बरोबर एका आठवड्याने, २९ जानेवारीला, त्याच भुवनेश्वरच्या मैदानावर जर्मनी आणि बेल्जियम यांचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये ५-४ अशी सरशी साधून जर्मनी जगज्जेता झाला. आकडे तंतोतंत तेच. एका ठिकाणी त्यांनी प्रशिक्षकाला घरी पाठविले, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हाती चषक दिला.

यातून दैववादाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की, निर्णयाची परीक्षा आणि निकालाची परीक्षा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पेरणी योग्य वेळी झाली की नाही, हे त्या दिवशीचे आभाळ आणि जमिनीतील ओल पाहून ठरवावे लागते. पुढे पाऊस दडी मारून बसला म्हणून पेरणीच चुकली होती असे कोणी जाणता शेतकरी म्हणत नाही. प्रशिक्षकाच्या बाबतीतही, त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते, त्याच्या हाताशी काय होते आणि त्यातून त्याने काय निवडले, एवढेच विचारणे न्याय्य ठरते. या कसोटीवर रीड यांच्याविरुद्धचे चार प्रमुख आक्षेप तपासून पाहू.

पहिला आक्षेप कर्णधारपदाचा. टोकियोत आणि बर्मिंगहॅममध्ये मनप्रीत सिंग कर्णधार होता. २०२२ च्या अखेरीस ती धुरा हरमनप्रीत सिंगच्या खांद्यावर आली. हरमनप्रीत हा बचावफळीचा आधारस्तंभ आणि पेनल्टी कॉर्नरवरचा मुख्य ड्रॅग-फ्लिकरही. रूपिंदरपाल सिंग २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या कामातील भार वाटून घेणारा तोलामोलाचा जोडीदारही उरला नव्हता. विश्वचषकात हरमनप्रीतचा स्पेनविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक हुकला, त्याचा पहिला गोल वेल्सविरुद्ध सामना संपता संपता झाला. एकाच माणसावर तीन ओझी लादली आणि तो वाकला, असा निष्कर्ष काढून जाणकार मोकळे झाले. वरकरणी तो पटण्याजोगाही होता. पण दीड वर्षाने पॅरिस ऑलिंपिकमध्ये हाच हरमनप्रीत कर्णधार होता, हाच बचावपटू होता आणि हाच ड्रॅग-फ्लिकर होता. तेथे त्याने दहा गोल केले. त्या स्पर्धेत इतके गोल दुसऱ्या कोणाच्याही नावावर लागले नाहीत. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाची लढत भारताने २-१ अशी जिंकली, त्यांतील दोन्ही गोल त्याचेच. जो निर्णय जानेवारी २०२३ मध्ये घोडचूक ठरला, तोच ऑगस्ट २०२४ मध्ये दूरदृष्टी ठरला. तेव्हा हा आक्षेप आम्ही फेटाळून लावतो.

दुसरा आक्षेप हार्दिक सिंगच्या दुखापतीचा. इंग्लंडविरुद्ध १५ जानेवारीला मधल्या फळीचा हा कणा मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने जायबंदी झाला. वेल्सविरुद्ध त्याला विश्रांती दिली गेली, तो बरा होईल म्हणून वाट पाहिली गेली आणि अखेर २१ तारखेला, म्हणजे निर्णायक सामन्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या जागी राजकुमार पाल याला घेण्यात आले. आधीच बदली खेळाडू घेतला असता तर त्याला रुळायला अवधी मिळाला असता, असे टीकाकार म्हणतात. ते खरे आहे. पण बदली खेळाडू घेतला की मूळ खेळाडूला स्पर्धेची दारे बंद होतात, हेही तितकेच खरे. उपान्त्यपूर्व फेरी दोन पावलांवर असताना आपला सर्वोत्तम मध्यरक्षक परत मिळण्याची आशा कोणता प्रशिक्षक सहजासहजी सोडील? हा जुगार होता, पण अविचारी जुगार नव्हता. येथे रीड यांना संशयाचा फायदा दिला पाहिजे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो सिद्ध होतो. हातात आलेली आघाडी राखणे या संघाला जमत नव्हते. बर्मिंगहॅममध्ये इंग्लंडविरुद्ध मध्यंतराला भारत ३-० असा पुढे होता. तो सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. भुवनेश्वरला वेल्ससारख्या नवख्या संघाविरुद्ध २-० अशी आघाडी असताना तिसऱ्या सत्रात दोन-तीन मिनिटांत दोन पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल स्वीकारले आणि बरोबरी ओढवून घेतली. शेवटी सामना जिंकला, म्हणून त्या घसरणीकडे काणाडोळा झाला. तीनच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध चाळिसाव्या मिनिटाला ३-१ अशी आघाडी घेतल्यावर पुढच्या नऊ मिनिटांत पुन्हा तेच. पुन्हा पेनल्टी कॉर्नर, पुन्हा दोन गोल. एकदा घडले तर त्यास अपघात म्हणता येते, दुसऱ्यांदा घडले तर इशारा मानावा लागतो. तिसऱ्या वेळी मात्र ती संघाची सवय झालेली असते, आणि सवय मोडणे हे प्रशिक्षकाचेच काम होय.

आमच्या गोमंतकीय वाचकांच्या अंगात फुटबॉल मुरलेला आहे, म्हणून येथे एक फरक सांगितला पाहिजे. फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला मोजकेच खेळाडू बदलता येतात आणि एकदा बाहेर गेलेला परत येत नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या अर्ध्या डावात त्याने कडेला उभे राहून ओरडावे, एवढेच त्याच्या हाती उरते. हॉकीत सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत विभागलेला असतो, प्रत्येक सत्रानंतर विश्रांती असते, आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. दमलेल्याला बसविता येते, डोके तापलेल्याला गार करता येते, गतीचा खेळ मंद करता येतो, चेंडू आपल्याच काठ्यांवर खेळवीत ठेवून घड्याळ पुढे सरकविता येते. सामना चालू असताना हॉकीच्या प्रशिक्षकाच्या हाती इतक्या किल्ल्या असतात, म्हणूनच त्याची जबाबदारीही अधिक असते. रीड यांचा पिंड आक्रमणाचा होता, पुढे जाऊन गोल करीत राहण्याचा होता. त्या वृत्तीनेच टोकियोचे पदक आणले. आणि त्या वृत्तीला वेळेवर लगाम न घातल्याने भुवनेश्वरचा सामना हातून गेला. हा दोष त्यांचा आहे आणि तो त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे.

चौथा आक्षेप मनोबलाचा. न्यूझीलंडविरुद्ध हरल्यावर, या संघाला मानसिक तयारीसाठी तज्ज्ञाची गरज आहे, असे रीड यांनी स्वतःच बोलून दाखविले. हे निदान अचूक होते, पण रोगी दगावल्यावर केलेले होते. पावणेचार वर्षे संघ त्यांच्या हाती होता. घरच्या हजारो प्रेक्षकांच्या अपेक्षेचे दडपण येणार, हे काही २२ जानेवारीला अचानक कळले नव्हते. तथापि या चुकीत ते एकटे वाटेकरी नाहीत. तज्ज्ञाची नेमणूक संस्थेच्या हातची, तिजोरी संस्थेच्या हातची. आणि ही संस्था त्या वर्षी कोणत्या अवस्थेत होती? २०२२ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे गेला होता. निवडणुका होऊन दिलीप तिर्की अध्यक्ष झाले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. विश्वचषकापूर्वीचे मोलाचे महिने दफ्तरे एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यात गेले. वादळात होडी उलटली म्हणजे किनाऱ्यावरचे लोक तांडेलाला दोष देतात. पण होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिच्या फळ्या तपासणे ज्यांचे काम होते, त्यांना कोणी काही विचारीत नाही.

हिशेब असा निघतो: चार आक्षेपांपैकी एक निराधार, एक संशयास्पद, एक पूर्णतः सिद्ध आणि एक अर्धा प्रशिक्षकाचा व अर्धा संस्थेचा. पुढील घटनाक्रमाने हा हिशेब पडताळून पाहता येतो. रीड यांच्यानंतर आलेल्या क्रेग फुल्टन यांनी संघ मुळापासून उपटला नाही. बहुतेक खेळाडू तेच ठेवले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. बचाव भक्कम करून मग जिंकण्याची शिस्त संघाला लावली, आणि २०११ च्या विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर काम केलेले पॅडी अप्टन मनोबलाच्या शिक्षणासाठी आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नई येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध १-३ वरून ४-३ असा विजय, ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत जपानला ५-१ असे नमवून सुवर्णपदक, आणि पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य. पॅरिसच्या उपान्त्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटालाच अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. चाळीसहून अधिक मिनिटे दहा खेळाडूंनिशी लढून भारताने ग्रेट ब्रिटनला १-१ असे रोखून धरले आणि शूटआउटमध्ये ४-२ असे हरविले. दीड वर्षापूर्वी ३-१ ची आघाडी राखू न शकलेले हेच खेळाडू! यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. रीड यांनी घातलेला पाया पक्का होता. आणि त्यांनी जे राहू दिले होते, ते खरोखरच राहून गेले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या टीकाकारांच्या पचनी पडत नाही.

आपल्या हॉकीचा इतिहास तर प्रशिक्षकांच्या गच्छंतीचाच इतिहास आहे. १९९८ मध्ये बँकॉकला भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि त्याचे बक्षीस म्हणून प्रशिक्षक एम. के. कौशिक यांना नारळ मिळाला. आमच्या पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले आणि त्याचे काही सहकारी यांनाही संघाबाहेर बसविण्यात आले. २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात तर सेड्रिक डिसोझा यांना स्पर्धा चालू असतानाच हटविले गेले. संघ दहावा आला. २०१४ मध्ये इंचॉनचे सुवर्णपदक मिळवून देणारे टेरी वॉल्श काही आठवड्यांतच संस्थेशी वाद होऊन निघून गेले. मायकेल नॉब्स, वॉल्श, पॉल व्हॅन अॅस, रोलँट ओल्टमन्स, श्योर्ड मरीन्ये आणि हरेंद्र सिंग असे सहा प्रशिक्षक जुलै २०१३ ते जानेवारी २०१९ या साडेपाच वर्षांत गेले. यांपैकी मरीन्ये यांची कथा बोलकी आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत चौथा क्रमांक आला म्हणून २०१८ मध्ये त्यांना पुरुष संघावरून काढून महिला संघाकडे धाडण्यात आले. आणि त्याच मरीन्ये यांनी टोकियोत महिला संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेऊन साऱ्या देशाला जागे ठेवले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा कारभार. दोष कोठे आहे ते न शोधता हाताला लागेल त्या माणसाला बदलायचे आणि काहीतरी केल्याचे समाधान मानायचे.

वेगळे वागले तर काय होते, त्याचेही उदाहरण आता आपल्यापुढे आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगच्या युरोपातील टप्प्यात भारत ओळीने सात सामने हरला. त्यांपैकी सहा पराभव अवघ्या एका गोलाने झाले होते. नऊ संघांत भारत आठवा आला. जुन्या रिवाजाप्रमाणे फुल्टन यांची गठडी वळली गेली असती. ती वळली गेली नाही. पराभवाच्या आकड्यांऐवजी पराभवाचे स्वरूप पाहिले गेले असावे. सहा वेळा एका गोलाने हरणारा संघ कोसळलेला नसतो, त्याच्या काही थोड्या गोष्टी बिघडलेल्या असतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी राजगीर येथे त्याच संघाने गतविजेत्या दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून आशिया चषक जिंकला आणि विश्वचषकातील आपली जागा पक्की केली. सबुरीचे फळ दर वेळी गोडच लागते असे नाही, हे आम्ही जाणतो. पण उतावळेपणाचे फळ आपण तीस वर्षे चाखीत आलो आहोत आणि ते कडूच निघाले आहे.

मग प्रशिक्षकाला जाब विचारूच नये काय? अवश्य विचारावा, किंबहुना राजीनामा घेणे हे जाब विचारणे टाळण्याचे साधन झाले आहे, हीच आमची तक्रार आहे. माणूस निघून गेला की त्याच्याबरोबर प्रश्नही निघून जातात. आमच्या मते प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर तीन गोष्टी सक्तीने व्हाव्यात. एक, प्रशिक्षकाने आपल्या प्रमुख निर्णयांची कारणे लेखी द्यावीत: अमक्याला का घेतले, तमक्याला का वगळले, आघाडी असताना काय योजना होती. दोन, संस्थेनेही आपण काय पुरविले आणि काय पुरवू शकलो नाही, याचा तितकाच स्पष्ट जबाब द्यावा. तीन, हे दोन्ही जबाब जुन्या खेळाडूंच्या एका लहानशा समितीने तपासून त्यांचा गोषवारा जनतेपुढे ठेवावा. हॉकी संघाच्या छातीवर ओडिशा सरकारचे नाव झळकते, खेळाडूंच्या शिबिरांवर सरकारी पैसा खर्च होतो. तेव्हा हा हिशेब मागण्याचा जनतेला पूर्ण अधिकार आहे. असा जबाब जानेवारी २०२३ मध्ये मागितला गेला असता, तर आघाडी राखण्याचा दोष आणि मनोबलाची उणीव या दोन गोष्टी कागदावर आल्या असत्या आणि त्या दुरुस्त करण्याची संधी रीड यांना द्यावी की नाही, हे डोळसपणे ठरविता आले असते. कदाचित तेव्हाही त्यांना जावे लागले असते. पण का जावे लागले, हे निदान त्यांना आणि आपल्याला कळले असते.

गावच्या शाळेच्या संघापासून राज्याच्या संघापर्यंत, सहकारी सोसायटीपासून मंत्रालयापर्यंत हीच रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. अपयश आले की एक माणूस पुढे करायचा, त्याला निरोप द्यायचा आणि खुर्ची तशीच ठेवायची. खेळाच्या मैदानावर निदान साऱ्यांच्या डोळ्यांदेखत निकाल लागतो. तेथे तरी कारणमीमांसेची सवय आपण लावून घेतली पाहिजे. यापुढे कोणत्याही पराभवानंतर कोणाचा राजीनामा आला, तर तो स्वीकारण्यापूर्वी संस्थेने त्याच्या सोबत निर्णयांचा हिशेब मागून घ्यावा, आणि त्या हिशेबाखाली आपलीही सही करावी.